फळीवरचे अकरा पाय

चाळीस वर्षं ते सरकारी दवाखान्यासाठी कृत्रिम पाय बनवत होते, म्हणून सगळे त्यांना पायवाले म्हणत. माप द्यायला बसलेला माणूस गप्प गप्प असला की ते सांगत, "या पायाला कधी मुंग्या येणार नाहीत, ही माझी हमी."

त्या वर्षी सरकारने युद्धातल्या जुन्या जखमांवरचे मोफत उपचार बंद केले. जायबंदी सैनिक सचिवालयासमोरच्या मैदानात ठाण मांडून बसले. त्यांच्यात पायवाल्यांचे जुने मित्र सुभेदारही होते. रस्ता अडला तशी लोकांची कुरकुर सुरू झाली. मग मंत्री टीव्हीवर म्हणाले की हे खरे सैनिक नव्हेतच, भाड्याने आणलेली माणसं आहेत. लोकांना ते पटलं. शेजारचे मास्तर कारखान्यात येऊन तेच बोलून गेले. पायवाल्यांना एकेकाची जखम ठाऊक होती. पण काम सरकारचं. त्यांनी मान खाली घालून कानस चालू ठेवली.

नवव्या दिवशी भर दुपारी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून मैदान मोकळं केलं. निसटलेले पाय चिखलात राहिले आणि कचऱ्याच्या गाडीतून गेले. पायवाल्यांनी ते शोधून हातगाडीवर आणले, धुतले, दारासमोर फळीवर मांडले. अकरा पाय. प्रत्येकाच्या आत त्यांच्याच हातचा नंबर. जुनी वही घेऊन ते शेजारी बसले आणि विचारेल त्याला तो माणूस कोण, त्याने पाय कुठे गमावला, ते वाचून दाखवू लागले.

मास्तर बराच वेळ उभे राहिले, मग जाऊन बायकोला घेऊन आले. आठवड्याभरात तिथे रांग लागली. मंत्र्यांचं नाव निघालं की लोक तोंड फिरवू लागले. दवाखान्याने पायवाल्यांचं काम काढून घेतलं. महिन्याने सरकारने निर्णय मागे घेतला.

सुभेदारांना ते कळलं नाही. गार पाण्याने छातीत भरलेला कफ उतरलाच नाही; फवाऱ्यांनंतर चौदाव्या दिवशी ते गेले. त्यांची मुलगी पाय मागायला आली. वडिलांना पायाशिवाय निरोप द्यायचा नव्हता.

"मला सगळं माहीत होतं गं," पायवाले म्हणाले. "आधीच बोललो असतो, तर पाणी मारायची सरकारची हिंमत झाली नसती."

"बाबा रोज तुमची वाट बघायचे," ती म्हणाली. "रागावले नव्हते. नुसती वाट बघायचे."

पायवाले तिच्यासोबत गेले. पट्टे बांधताना दोनदा बक्कल हातातून सुटलं. शेवटी मुलीने पाय धरून ठेवला, तेव्हा कुठे तो बसला.