पूर्ण हजेरीचं बक्षीस

दहावीच्या निरोप समारंभात पूर्ण हजेरीचं बक्षीस लताला मिळालं. मी तिची वर्गशिक्षिका. प्रमाणपत्र देताना सहज विचारलं, "एकदाही शाळा बुडवावीशी वाटली नाही का गं?"

"वाटायची ना बाई. पण मग रेश्मा बाकावर एकटी पडली असती."

रेश्मा बोलताना अडखळते, म्हणून मुली तिच्याजवळ बसायच्या नाहीत. रोज सकाळी हजेरी घेताना कोण आलं, कोण नाही, हे मी नेमकं लिहीत होते. कोण कुणासाठी येतं, हे मला कधी दिसलंच नाही.

दहावीनंतर दोघी वेगवेगळ्या कॉलेजांत जाणार होत्या. कार्यक्रम संपल्यावर रेश्माच माझ्याकडे आली.

"बाई, तुम्हीच लताला सांगा ना, माझं ती ऐ-ऐकत नाही. का-काळजी करू नकोस म्हणावं. मी आता कुणाच्याही शेजारी जाऊन ब-बसेन."