ओठांवरचा अंगठा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या उजव्या हातात बळ परत आलं, पण बोटांची पकड काही आली नाही. अंबडला रस्त्याकडेच्या आमच्या शेडमध्ये वडीगोद्रीकडच्या एका विहारासाठी बुद्धमूर्ती मातीत घडत होती. चीवर, हात, आसन सगळं आजाराआधी झालं होतं. राहिला होता चेहरा. तो मी डाव्या हातानं घडवायचो आणि संध्याकाळी मोडायचो. ओठ कठोरच यायचे. मी म्हणजे हा उजवा हात, असंच आयुष्यभर धरून चाललो होतो. तो गेल्यावर मी कोण उरलो, हे कळेना. सकाळची वंदनाही नुसती तोंडानं होत होती.

"काम दुसऱ्या कोणाला देऊन टाकू," मी बायकोला, सुमनला, म्हणालो.

"देऊ. पण आज न्हाई," ती म्हणाली आणि मातीवर पाणी शिंपडत राहिली.

एका दुपारी एक म्हातारी सुनेचा हात धरून शेडच्या सावलीला आली. डोळे दाखवायला आल्या होत्या, बस चुकली होती. सुमननं पाणी दिलं. ओल्या मातीचा वास आला तसं आजींनी विचारलं, "काय करून राह्यले इथं?"

"बुद्धांची मूर्ती. चेहरा जमंना झालाय, आजी."

"मला दिसत न्हाई, बाबा. हात लावू का?"

माती ओली होती. मी नाही म्हणणार, तेवढ्यात सुमननं त्यांना धरून मूर्तीजवळ नेलं. तान्ह्या लेकराचं तोंड पुसावं तशी त्यांची बोटं कपाळावरून, पापण्यांवरून, गालांवरून फिरली. ओठांपाशी अंगठा थांबला, किंचित दाबला गेला आणि कडेला सरकला.

"लई दमलंय लेकरू," त्या पुटपुटल्या.

बस आली आणि त्या गेल्या. नाव विचारायचंही राहिलं. मी वळून पाहिलं तर खालचा ओठ मऊ झाला होता आणि त्याच्या कडेला हसू उमटलं होतं. मी तिथं बोट लावलं नाही. मातीवरून साचा घेऊन मूर्ती तशीच ओतली.

विहारात मूर्ती बसली त्या दिवशी लोक विचारत होते, "चेहरा तुमच्याच हातचा ना?" माती सुमननं जपलेली, गाल माझ्या डाव्या हाताचे, हसू त्या आजींच्या अंगठ्याचं, आणि त्या अंगठ्याला ते किती लेकरांच्या गालांनी शिकवलं असेल. यात माझं असं वेगळं काय, ते शोधलं तर सापडलं नाही. अनात्म हा शब्द प्रवचनांत कितीदा ऐकला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा मायेचा वाटला.

आता काम अडलं की मी हट्ट करत नाही. सुमनबरोबर चहा घेतो आणि शेडचं दार उघडं ठेवतो.