डाव्या हाताची पेरं

माझा आवाज मुळातच मोठा आहे. स्टुटगार्टला आल्यापासून तो खाली आणायचा मी खूप प्रयत्न केला, कारण आमच्या जिन्यात जरा जोरात बोललं की खालच्या मजल्यावरचं दार उघडायचं. पण मुलीच्या शाळेतल्या त्या मीटिंगमध्ये तो चढला, आणि चढला ते फार बरं झालं.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. वेळेआधी जन्मल्यामुळे तिचा डावा हात ताठर राहिला होता आणि बोलणंही सावकाश होतं. वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्याला धीर धरावा लागायचा, आणि तेवढा धीर सहसा कोणाकडे नसायचा. वर्गात ती मागे पडते म्हणून शाळेने तिची तपासणी करवून घेतली होती. तपासणी करणाऱ्या विशेष शिक्षिका मीटिंगला होत्या. शूलआम्टचे, म्हणजे इथल्या शिक्षणखात्याचे, एक साहेबही होते. दोघांचं मत एकच होतं. मुलीची समज कमी आहे, तिला झोंडरशूलमध्ये, अशा मुलांच्या वेगळ्या शाळेत घालावं. तिथे वर्ग लहान असतात, घाई नसते, तिला बरं वाटेल. हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं जात होतं की भांडायला जागाच मिळेना.

पण तिकडे गेलेलं मूल सहसा परत येत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आणि समज कमी? एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसलं की उतरायला किती स्टेशनं राहिली ते ही मला सांगायची. मी गप्पांत गुंगले की माझी बाही ओढायची. नवरा शेजारी बसून मान डोलवत होता.

मग विशेष शिक्षिका सहज म्हणाल्या, "गणितं घातली की तिच्या डाव्या हाताला झटके यायचे. अंगठा बोटांवर सारखा फिरायचा. बिचारीला त्रास होत होता, म्हणून मी तो हात माझ्या हाताखाली धरून ठेवला."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याआधीच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मुलीला डॉक्टरांनी हाताचे व्यायाम शिकवले होते, पण ते करताना ती रडून घर डोक्यावर घ्यायची. सासूबाई जपाला माळ घेत नाहीत, बोटांच्या पेरांवर मोजतात. त्यांनी नातीला बाल्कनीत जवळ बसवलं आणि तसंच मोजायला शिकवलं, तेही मुद्दाम डाव्या हातावर. अंगठा एकेका पेरावर टेकवायचा. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. सुरुवातीला अंगठा करंगळीपर्यंत पोचायचाच नाही. मी मध्ये पडले की त्या म्हणायच्या, "अगं, राहू दे तिला. पोचेल तो." आणि पोचला. मग चढावरून येणाऱ्या बस, ताटातल्या पोळ्या, समोरच्यांच्या खिडक्या, सगळं पेरांवर मोजून झालं. व्यायाम झाला आणि गणितही झालं. सासूबाई परत गेल्या, पण मोजणं राहिलं. उजव्या हातात पेन्सिल आणि डाव्या हातावर हिशेब, ही तिची पद्धतच होऊन गेली.

"ते झटके नाहीत," मी म्हणाले. "ती मोजत होती. तुम्ही तिचं गणित हाताखाली दाबून ठेवलंत."

विशेष शिक्षिका गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. साहेबांनी नम्रपणे सांगितलं की तपासणी ठरलेल्या पद्धतीनेच झाली आहे. नवऱ्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. मी पाय बाजूला घेतला आणि विचारलं, "शाळेशी काही संबंध नसलेल्या माणसांकडून आमच्या मुलीची तपासणी करून घ्यायचा आम्हाला अधिकार आहे की नाही?"

असा अधिकार असतो की नाही याची मला काडीचीही कल्पना नव्हती. रागाच्या भरात तोंडातून गेलं, एवढंच. साहेबांनी चष्मा काढला.

"हो, आहे ना," ते म्हणाले. "तो अहवाल येईपर्यंत आम्ही निर्णय थांबवू शकतो. फक्त सहसा कोणी विचारत नाही."

"मी विचारतेय," मी म्हणाले.

घरी जाताना चढ चढता चढता आमचं जुंपलं. नवऱ्याचं म्हणणं, इथे प्रत्येक गोष्टीची प्रोसेस असते, टेस्ट स्टँडर्ड असते, आपण परके लोक, उगाच वाकड्यात कशाला शिरायचं. तो गाड्यांचे ब्रेक तपासण्याच्या विभागात काम करतो. मी धापा टाकत विचारलं, "तुमच्याकडे चांगला ब्रेक टेस्टमध्ये नापास झाला, तर लगेच भंगारात टाकता का रे?"

"नाही," तो म्हणाला. "आधी मशीनचं कॅलिब्रेशन बघतो, तेच चुकत नाही ना." आणि चढाच्या मध्यावर थांबला. मग म्हणाला, "अपॉइंटमेंट मी घेतो." नवऱ्याला त्याच्याच भाषेत पटवायचं असतं, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी उमगलं.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली आणि एका इस्पितळातल्या मुलांच्या केंद्रात तपासणी ठरली. तिथल्या मानसतज्ज्ञ बाईंना मी पेरांची सगळी कहाणी ऐकवायला लागले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. आधी काही सांगू नका, मला माझं बघू द्या, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. सांगायला मिळालं नाही म्हणून मी चरफडत होते, आणि खरं सांगायचं तर घाबरलेही होते. आईचं प्रेम आंधळं असतं म्हणतात. आपणच नको ते बघत असलो तर?

दार उघडलं तेव्हा मुलगी पुढे होती आणि बाई मागे. बाईंचा अंगठा त्यांच्याच डाव्या हाताच्या बोटांवर फिरत होता.

"तर, बारापर्यंत मला जमलं," त्या म्हणाल्या. "पुढचं ती शिकवणार आहे."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. नवरा तर सरळ रडलाच.

अहवाल स्पष्ट होता. हात आणि बोलणं सावकाश आहे, समज वयाला साजेशी आहे, आणि गणितात ती वर्गाच्या पुढे आहे. तिला वेळ जास्त द्यावा आणि हात मोकळे ठेवावेत. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि मुलगी याच शाळेत राहील असं सांगितलं. या वेळी माझा आवाज चढला नाही. फक्त घरी पोचल्यावर आमच्या जिन्यात मी नवऱ्याला कडकडून मिठी मारली, आणि कोणाचं दार उघडतंय का ते बघितलंसुद्धा नाही.

मुलगी दुसरीत गेली आणि त्याच विशेष शिक्षिका तिच्या वर्गात आठवड्यातून एकदा मदतीला यायला लागल्या. पालकांना वर्गात बसायची परवानगी होती त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. त्यांनी मुलीला गणित घातलं. त्यांना समोर बघताच मुलीने आपण होऊन डावा हात बाकावर पालथा, सपाट ठेवला. मी उठणारच होते.

शिक्षिकाबाईंनी तो हात बघितला. त्या तिच्या बाकाशी खाली बसल्या आणि तो हात हलकेच उचलून उताणा केला.

"माझं चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "मोज तू. मी थांबते."

मुलीने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग तिचा अंगठा सावकाश निघाला, करंगळीच्या शेवटच्या पेरापर्यंत गेला, आणि बाई थांबल्या.