विहिरीपासून चाळीस पावलं

"साहेब, साखळी तिकडून नका नेऊ. माह्या पणज्याले इथंच पुरलं हाये."

मी भूमापक होतो. आज जिथे प्रताप नगर आहे, तिकडे तेव्हा नुसती शेतं होती. त्यातल्या एकाचा लेआउट पाडायचा होता, म्हणजे शेताचे प्लॉट करायचे होते. बोलणारा म्हातारा सुखदेव, शहरातल्या इतवारीकडचा विणकर.

मला लगेच संशय आला. लेआउट निघाला की हक्क सांगणारे कुठूनतरी उगवतात.

"पुरावा?"

"बापानं सांगितलं होतं. विहिरीपासून उगवतीले चाळीस पावलं. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात."

मालक गणपतराव हसले. "पन्नास वर्षं वाहतो हे वावर. काहीच नाही तिथं."

मी विहिरीपासून चाळीस पावलं चाललो. तुरीची धसकटं, बाकी काही नाही. म्हातारा मात्र तिथून हलला नाही.

दुपारी गावाचा जुना नकाशा उघडला. विहीर होती, पण आताच्या जागी नव्हती. उत्तरेला तीन साखळ्या दूर दाखवली होती. एक साखळी म्हणजे तेहतीस फूट.

"गणपतराव, इथे जुनी विहीर होती का?"

"नव्हती."

फार पटकन म्हणाले. मी साखळी टाकली. नकाशातल्या जागी जमीन बशीसारखी खचलेली, मातीत विटांचे तुकडे. तिथून पूर्वेला चाळीस पावलं. बोरीच्या झुडपात दगडांचा ढीग. आजूबाजूला नांगरट, ढिगाखाली मात्र कधी फाळ लागलेला नव्हता.

"इथं नांगर काहून नाही लागला?" सुखदेवनं विचारलं.

गणपतराव खाली बसले. "बाबा म्हणत, तिथं माणूस झोपला हाये, नांगर नको लावू. नाही लावला. पण मढं निघालं म्हटलं तं पिलाट कोण घेईन?"

मी सुखदेवकडे वळलो. संशय गेला नव्हता. "आता किती जागा मागणार?"

"जागा नाही पाहिजे साहेब. उद्या इथं कोणी संडास बांधीन. त्याच्या आधी नेऊ द्या त्याले."

गणपतराव उठून उभे राहिले. मग म्हणाले, "बैलबंडी माही घेऊन जा गा."

रीतसर परवानगी काढली. आठवड्यानं दोघांनी मिळून दगड उचलले. जे हाती लागलं ते पांढऱ्या कापडात बांधून सुखदेवनं आपल्या लोकांच्या दफनभूमीत नेलं. कापड त्यानंच विणलं होतं. बंडी गणपतरावांनी स्वतः हाकली.

संशय घेणं हा आमच्या नोकरीचाच भाग. मी तो अर्धा दिवस चुकीच्या माणसावर घेतला, एवढंच.