नवव्या पायरीवरची खाचरं

फ्लॉपी आत सरकवली की कॉम्प्युटर आधी घसा खाकरल्यासारखा खरखरे, मग दाताखाली खडा यावा तसा एकदाच टक् वाजे. जुन्नरच्या एस.टी. स्टँडमागे, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत टायपिंगचे दुकान होते. नव्वदीच्या अखेरीस तिथे मी तो आवाज श्वास रोखून ऐकला आहे. खालून कोमट पिठाचा वास येत असे.

माझ्या शेजारी डोंगरातल्या मावशी बसल्या होत्या. त्यांचे गाव धरणाच्या पाण्यात गेले होते. तिथल्या प्रत्येक भातखाचराला नाव होते: उंबराचं, मोरवाटेचं, लांबुटकं, सासूचं. वर्षभर त्यांनी मला ती नावे सांगितली, जमिनीवर बोटाने एकेकाचा आकार काढून दाखवला. मी ते कागदावर उतरवले. त्याची पुस्तिका पुण्याच्या छापखान्यात जायची होती. नावे, चित्रे आणि मराठी अक्षरांचा फॉण्ट, सारे एकाच फ्लॉपीत मावायला हवे होते. मागच्या खेपेला दोन फ्लॉप्यांत विभागून पाठवले, तर दुसरी उघडलीच नाही.

फायली आवळून बांधणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एकच पायरी होती. तिने बांधूनही थोडे बाहेर उरत होते.

"चार-पाच चित्रं काढून टाका, बाई," दुकानदार म्हणाला.

"कंचं खाचर काढू?" मावशींनी शांतपणे विचारले. "येकदा बुडालीत की ती. आता परत बुडवू व्हय?"

दुकानदाराने मान खाजवली. मग खणातून एक सीडी काढून त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवली. तिच्यात एक ते नऊ अशा पायऱ्या होत्या; जितकी वरची पायरी, तितकी घट्ट आवळणी. त्याने थेट नऊ निवडली.

"इतकं नको," मी घाबरून म्हणाले. ओळ आखडली की काहीतरी गळते, हे मी कविता लिहिताना शिकले होते. "दाबताना एखादं नाव निसटलं तर?"

तो हसला. "बाई, हा काय ऊस न्हाई, चरकात घातला की चोथा येगळा पडायला. ही गादीची वळकटी. सोडली की तीच गादी. नऊला येळ तेवढा लई लागतो."

खाली दोन डबे दळून झाले, तेव्हा कुठे काम संपले. फ्लॉपी खरखरली, टक् वाजली. मावले! भरलेली घागर कुणी कमरेवरून अलगद उतरवून घ्यावी, तसे मला वाटले. पण विश्वास बसेना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याला ती फ्लॉपी उघडायला लावली आणि मी एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. मावशींनी डोळे मिटले होते. दर नावाला त्यांच्या पायाचा अंगठा किंचित हले, जणू पुढचा बांध चाचपत होता. शेवटचे, सासूचं, वाचून मी थांबले.

"मावशी, आली का हो सगळी?"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "समदी."