अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई

सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे, मापात नसतील तर परत पाठवायचे, एवढंच माझं काम. घरी आल्यावर कशाकडे बारकाईनं बघायची ताकद उरत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. पण बायकोच्या रायफलचा दस्ता मी न मोजता मागवला, त्या दिवसांत मी असाच होतो.

रायफल हवेची, छर्ऱ्यांची. मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्यानंतर बायको एका मैत्रिणीबरोबर शूटिंगचा क्लब बघायला गेली आणि तिथलीच झाली. दर रविवारी सकाळी जायची. त्यात एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथं मला कोणी हाक मारत नाही." माहेरी फुलशेती, लहानपणापासून खुडणी, नंतर आमचं घर, माझ्या आईचं आजारपण. हाक न येणारा तासभर तिला पहिल्यांदाच मिळाला होता.

तिची उंची कमी. रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, तिला लांब पडायचा. मान ताणून नेम धरावा लागे आणि खांदा भरून येई. क्लबातल्या सरांनी पुढे-मागे सरकणारा दस्ता बसवायला सांगितलं. हा दस्ता रायफलच्या मागच्या एका नळीवर चढतो. तिला बफर ट्यूब म्हणतात. हवेच्या रायफलीत आत बफर वगैरे काही नसतो, नाव मात्र तेच चालतं. या नळ्या दोन जाडीच्या येतात. फरक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही असा. पातळ नळीचा दस्ता जाड नळीवर चढतच नाही. जाड नळीचा दस्ता पातळ नळीवर मात्र सहज चढतो.

आमचा सहज चढला. मला बरं वाटलं. कारखान्यात एखादा भाग इतका सहज बसला असता तर मी तिथंच थांबवला असता.

दोनतीन दिवसांनी तो हलका टकटक वाजायला लागला. मी व्हर्नियर घरी आणला, नळी मोजली, दस्त्याचं भोक मोजलं, आणि कळलं. दस्ता जाड नळीचा, नळी पातळ. परत पाठवायचा तर खोका शोधा, फोन करा, वाट बघा. मला कंटाळा आला होता. मग मी ते केलं जे सातपूरमधला कुठलाही फिटर करतो: थंड पेयाचा रिकामा डबा कात्रीनं कापला, पत्र्याची पट्टी नळीभोवती गुंडाळली आणि वरून दस्ता सरकवला. याला आम्ही पॅकिंग टाकणं म्हणतो. मशीन चालू राहतं, माल निघतो. दस्ता घट्ट झाला. तिला म्हणालो, झालं तुझं काम. पट्टीचं सांगितलं नाही. चूक माझी होती हे त्यातून दिसलं असतं, बाकी न सांगण्याचं काही कारण नव्हतं.

सुरुवातीला ती खूश होती. मग तिचे छर्रे पसरायला लागले. टार्गेटचे कागद घरी आणून टेबलावर मांडायची आणि बघत बसायची. सर म्हणाले, श्वास बघा. तिनं श्वास बघितला. मग म्हणाले, ट्रिगर हळू. तेही करून झालं. शेवटी ती मला म्हणाली, "अहो, माझा खांदाच गेलाय बहुतेक."

त्या क्षणी मला पट्टी आठवली. पातळ पत्रा दर वेळच्या सरकवण्यानं चेपला जातो, दस्ता पुन्हा किंचित हलतो, त्यावर टेकलेला गाल हलतो आणि डोळा रायफलवरच्या दुर्बिणीमागून सरकतो. एवढं समजण्याइतकी अक्कल मला आहे. तरी मी म्हणालो, "वयाचं आहे गं. तेल लावत जा."

ती तेल लावायला लागली. सकाळी आरशासमोर उभी राहून हात वर करायची, कुठपर्यंत जातो ते बघायची. मी चहा पीत ते बघायचो.

दसरा जवळ आला तेव्हा ती माहेरी झेंडूच्या खुडणीला गेली. तिथून फोनवर सहज सांगावं तसं म्हणाली, क्लब बंद करते, रायफल तिथल्या एका मुलीला देऊन टाकते, रविवारी पोचवून या. मी बरं म्हणालो. रायफल पिशवीत भरताना दस्ता हातात धरून हलवला. टक. ती मुलगी पहिल्याच दिवशी हे ओळखणार होती. आधी याचीच भीती वाटली, आणि ती वाटली याचीच नंतर जास्त लाज वाटली.

मी क्लबात गेलो नाही. रायफल घेऊन सासुरवाडीच्या मळ्यात गेलो. बायको बांधावर बसून क्रेटमध्ये फुलं भरत होती, शेजारी मेव्हणा गोण्या शिवत होता. पिशवी बघून तो म्हणाला, "दाजी, दसऱ्याला शस्त्रपूजा हाय, पण आजच आणलं का?" मी हसलो नाही. दस्ता काढून पट्टी तिच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. न मोजता मागवलं ते, मोजल्यावर लपवलं ते, आणि तेलाचंही.

मेव्हणा गोणी शिवता शिवता म्हणाला, "कंपनीत लोकांचा माल रिजेक्ट करता, अन् घरचा बिनमापाचा पास केला का?"

"तू थांब रे," ती त्याला म्हणाली. पट्टी हातात घेऊन तिनं उलटसुलट बघितली. मग उजवा हात सावकाश वर केला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं विचारलं, "म्हणजे खांदा चांगला आहे?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "सरांना कसं कळणार?" आणि पुन्हा फुलं भरायला लागली.

संध्याकाळी दोघं घरी परतल्यावर तिनं व्हर्नियर मागितला. नळी तिनंच मोजली, आकडा मी वाचून दाखवला, तो पुन्हा तिनं स्वतः वाचला. मग पातळ नळीचा दस्ता मागवला. तो आला तेव्हा सरकवायला दोन्ही हातांचा जोर लागला. तिनं हलवून बघितला, कानाशी धरून बघितला. आवाज नव्हता.

पुढच्या रविवारी ती क्लबात गेली. मी सोबत गेलो, कोणी बोलावलं नव्हतं तरी. टार्गेटचा कागद हातात आला तेव्हा छर्रे एकमेकांच्या जवळ आले होते, पण पूर्वीइतके नाही. मला ते बघवेना. तो दस्ता अजून थोडा, असं काहीतरी मी बोलायला लागलो. तुझी काही चूक नाही, असंही म्हणालो.

"दस्ता ठीक आहे," ती म्हणाली. "आता जे चुकतंय ते माझं आहे. ते माझंच राहू द्या, मला त्यावर काम करायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही मागे असलात की मला हाक येईल असं वाटत राहतं."

मी बाहेर जाऊन स्कूटरवर बसलो. आतून छर्ऱ्यांचे आवाज येत होते, एकेक करत, मध्ये बराच वेळ सोडून. ती घाई करत नव्हती. नेम कसा लागतोय ते बाहेरून कळत नाही, आणि विचारायचा हक्क सध्या मला नाही. बाहेर आल्यावर तिनं पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. मी हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला.