दर होलमागे

इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका बोथटपणाचा वैरी मी दुसरा पाहिला नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची छोटी शेड होती. कारखान्यांच्या झिजलेल्या ड्रिलांना पुन्हा धार लावून द्यायची, एवढाच धंदा. पण हात तिथेच थांबत नसत. लग्नाच्या पंगतीतून उठून ते आचाऱ्याच्या सुरीवर अंगठा फिरवून येत. एकदा बिल्डिंगमधल्या साऱ्या विळ्यांना त्यांनी कुणी न सांगता धार लावली, तर आठवडाभर चार बायका बोटाला पट्टी बांधून हिंडत होत्या. तेव्हापासून माझी बायको विळी लपवून ठेवी. पण आमटीतली कोथिंबीर बघूनच काका म्हणत, "सूनबाई, ही चिरलेली नाही, चिरडलेली आहे."

मी ज्या कारखान्यात खरेदी विभागात होतो, त्याच्याच कामावर काकांची शेड आणि चार कामगार जगत होते. नव्वदचं दशक सरता सरता मुंबईची एक बडी कंपनी कॉम्प्युटरवर चालणारं धारेचं मशीन घेऊन आली. दर काकांच्या निम्मा. आमचे साहेब काकांना बोलावून म्हणाले, "त्यांच्या दरात या, नाहीतर राम राम." काकांनी खिशातलं ड्रिल काढून अंगठा फिरवला. "साहेब, धारेचे पैसे देऊच नका. ड्रिल माझं, धार माझी. जेवढी होल पडतील तेवढ्यांचे द्या. मोडलं तर नुकसान माझं."

असला सौदा अंबडमध्ये कुणी ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी चाचणी लागली. दोन मशीनं शेजारी शेजारी, एकावर कंपनीचं ड्रिल, एकावर काकांचं. ज्याचं पाळीभर टिकेल त्याला काम. काका डोळे मिटून नुसता आवाज ऐकत उभे. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांचं ड्रिल चिरकू लागलं. मशीनवरचा पेठ तालुक्यातला ऑपरेटर ओरडला, "काका, लय चिरकतंय, मोडंल आता!"

"मोडत नाही. कूलंटचं पाणी कमी पडतंय, नळी सरकव."

नळी सरकवली, आवाज निवळला. चहाच्या आधी कंपनीचं ड्रिल कडकन मोडलं. काकांच्या ड्रिलने पाळी पुरी केली आणि काका जाता जाता कँटीनच्या सुऱ्यांना धार लावून गेले.

तीन वर्षं छान गेली. मग प्रत्येक कामाला तीन कोटेशनं मागवायचा नियम आला. मागणीपत्र मीच टाइप केलं आणि त्यात काकांच्याच अटी उतरवल्या: ड्रिल पुरवठादाराचं, दर होलमागे, मोडलं तर नुकसान त्याचं. दुसऱ्या कुणाला हे झेपायचंच नाही, असं मला वाटलं. काकांचं भलं करतोय अशा थाटात मी ते काकांसकट तिघांना धाडलं. बड्या कंपनीला ते सहज झेपलं. तिचा दर काकांच्या खाली आला आणि तिची ऑर्डरही मलाच टाइप करावी लागली.

संध्याकाळी वर गेलो. मागणीपत्र काकांच्या हातात होतं.

"शब्द न् शब्द माझा घेतलास रे," ते म्हणाले. "टायपिंगमध्येसुद्धा चूक नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. महिन्याभरात शेड बंद झाली. त्यानंतर एकदा बायकोने लपवलेली विळी काढली आणि आपणहून वर नेऊन दिली. काकांनी तिला धार लावून दिली. त्या खेपेला आमच्या घरात कुणाचं बोट कापलं नाही.